दोन घास कमी, पण कुणाच्या ताटातले?

कमी खाणारा जास्त जगतो, हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पोटाचे दोन हिस्से अन्नाने आणि एक पाण्याने भरावा, चौथा मोकळा ठेवावा, असं वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगून ठेवलं आहे. जैन परंपरेत ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमी खाणं, हे एक तपच मानतात. पानावरून उठताना दोन घासांची भूक शिल्लक असावी, असं घरची वडीलधारी माणसंही सांगत आली. गेल्या शंभरेक वर्षांत या सल्ल्याला प्रयोगशाळेचा आधार मिळू लागला आणि दावाही मोठा होत गेला: रोजच्या कॅलरी ठरवून कमी केल्या तर म्हातारपणच उशिरा येतं. मधुमेहाने घेरलेल्या समाजात हा दावा मोलाचा आहे आणि कुपोषित समाजात धोक्याचा. आपला समाज एकाच वेळी दोन्ही आहे, म्हणून तो बारकाईने तपासायला हवा. पुढच्या संवादातला मिताहारवादी हा या दाव्याचा जाणता समर्थक आहे. त्याची बाजू शक्य तितक्या भक्कम पुराव्यानिशी मांडली आहे, कारण दुबळा प्रतिपक्ष उभा करून हा प्रश्न सुटणार नाही. उत्तरं माझी आहेत.

मिताहारवादी: सुरुवात १९३५ पासून करू. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांना जीवनसत्त्वं आणि क्षार पुरेसे दिले, पण कॅलरी इतक्या तोडल्या की त्यांची वाढ मंदावली. त्यांतले नर पोटभर खाणाऱ्या नरांपेक्षा कितीतरी जास्त जगले. त्यानंतर यीस्ट, कृमी, फळमाश्या, कोळी, मासे अशा एकमेकांशी फार दूरचं नातं असलेल्या जिवांत हाच परिणाम पुन्हा पुन्हा दिसला. मला सगळ्यात बोलका वाटतो तो कुत्र्यांवरचा प्रयोग. लॅब्रॅडॉर जातीच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, तेही जन्मभर. जास्त खाणाऱ्यांपैकी निम्मे ११.२ वर्षांपर्यंत गेले होते, कमी खाणाऱ्यांत ती वेळ १३ वर्षांना आली, आणि त्यांचे सांधेही उशिरा धरले. हे का होतं तेही आता बरंच उलगडलं आहे. दुष्काळाच्या वर्षी शहाणं घर लग्नकार्य पुढे ढकलतं, पण घराचं छप्पर मात्र शाकारून घेतं. शरीरही तसंच करतं. अन्न कमी आलं की इन्सुलिन आणि वाढीचे इतर संदेश मंदावतात, प्रजनन आणि वाढ मागे पडते, आणि पेशी स्वतःतले निकामी भाग मोडून पुन्हा वापरायला घेतात. या मोडतोडीची यंत्रणा उलगडणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. इतक्या जुन्या आणि इतक्या सार्वत्रिक यंत्रणेतून एकटा माणूसच कसा वगळला जाईल?

लेखक: यंत्रणा मला मान्य आहे, माणसाच्या पेशींतही ती आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. 'कमी' म्हणजे कुणापेक्षा कमी? मॅकेच्या प्रयोगात माद्यांच्या आयुष्यात फारसा फरक पडला नव्हता, हे सांगायचं बहुधा राहून जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, अशा प्रयोगांत तुलनेसाठी जो उंदीर असतो, तो जगतो कसा हे बघा. हातभर पिंजरा, चोवीस तास समोर भरलेलं भांडं, धावायला जागा नाही, पिढ्यान्‌पिढ्या लवकर वाढणारे आणि भरपूर पिल्लं देणारे निवडून तयार केलेला वंश. हा प्राणी सुस्त आणि लठ्ठ होतो आणि लवकर मरतो. त्याच्या शेजारी कमी खाणारा उंदीर जास्त जगला, तर आयुष्य वाढलं म्हणायचं की शेजाऱ्याचं कमी झालं म्हणायचं? रानात पकडलेल्या उंदरांच्या नातवंडांवर हाच प्रयोग झाला तेव्हा सरासरी आयुष्यात वाढ दिसली नाही. २०१० मध्ये ४१ वेगवेगळ्या वंशांच्या उंदरांचं अन्न ४० टक्क्यांनी तोडलं, तर ज्यांचं आयुष्य वाढलं त्यांच्यापेक्षा ज्यांचं घटलं असे वंश जास्त निघाले. म्हणजे नियम सार्वत्रिक आहे म्हणावं, तर एकाच जातीच्या उंदरांतही तो टिकत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कॅलरी तोडण्याचा जो फायदा आपण मोजतो, त्यातला मोठा भाग हा अति खाण्याचा तोटा टळल्याचा असतो. कमी खाण्यात आयुष्य वाढवणारी स्वतंत्र शक्ती आहे, हे अजून माणसाच्या बाबतीत कुणी दाखवलेलं नाही.

मिताहारवादी: उंदीर बाजूला ठेवू, माणसाच्या जवळचा प्राणी घेऊ. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८९ पासून रीसस माकडांवर प्रयोग चालला. प्रौढ माकडांच्या एका गटाचं अन्न तीस टक्क्यांनी कमी केलं. २००९ मध्ये निकाल आला तेव्हा पोटभर खाणाऱ्यांपैकी ३७ टक्के माकडं वार्धक्याच्या आजारांनी गेली होती, कमी खाणाऱ्यांपैकी फक्त १३ टक्के. कमी खाणाऱ्यांत एकालाही मधुमेह झाला नाही. हृदयविकार आणि कॅन्सर निम्म्याने कमी. या माकडांची छायाचित्रं पाहिलीत तर आकडे विसराल: एकाच वयाची दोन माकडं, एकाची कातडी लोंबलेली, केस विरळ, पाठीत वाकलेलं, दुसरं ताठ, डोळ्यांत तेज असलेलं.

लेखक: ती छायाचित्रं खरी आहेत आणि त्यांनी या विषयाचं जितकं भलं केलं तितकंच नुकसानही केलं, कारण त्यानंतर लोकांनी दुसरा प्रयोग वाचलाच नाही. अमेरिकेच्याच राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने १९८७ पासून रीसस माकडांवर असाच प्रयोग चालवला होता. त्याचा निकाल २०१२ मध्ये आला आणि तो उलटा होता: कमी खाणारी माकडं जास्त जगली नाहीत. जात एक, कपात तेवढीच, काळ तोच. मग फरक कशाने पडला? दोन्ही ठिकाणचं खाणं तपासलं तेव्हा त्याचा उलगडा होऊ लागला. विस्कॉन्सिनमध्ये माकडांना कारखान्यात वेगवेगळे घटक मिसळून केलेलं खाद्य मिळत होतं आणि त्यात वजनाच्या सुमारे २८ टक्के निव्वळ साखर होती. वार्धक्य संस्थेच्या खाद्यात धान्य, मासळी, अल्फाल्फासारखे नैसर्गिक पदार्थ होते आणि साखर होती चार टक्क्यांच्या आत. शिवाय विस्कॉन्सिनमधल्या तुलनेच्या गटाला हवं तेवढं खायची मुभा होती; वार्धक्य संस्थेने मात्र तुलनेच्या गटालाही वय आणि वजन बघून मापून दिलं. म्हणजे एका ठिकाणी कमी खाणाऱ्यांची तुलना गोडधोड चापणाऱ्या लठ्ठ माकडांशी झाली, दुसरीकडे नीटनेटकं, बेताचं जेवणाऱ्या माकडांशी. पहिल्या तुलनेत मोठा फायदा दिसला, दुसरीत आयुष्याचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. माझं म्हणणं या दोन प्रयोगांइतकं स्वच्छ दुसऱ्या कशानेच सिद्ध होत नाही.

मिताहारवादी: तुम्ही अर्धंच सांगताय. दोन्ही चमू २०१७ मध्ये एकत्र बसले, आकडे शेजारी ठेवले आणि म्हणाले की कॅलरी कमी केल्याने माकडांचं आरोग्य सुधारतं. वार्धक्य संस्थेच्या कमी खाणाऱ्या माकडांनाही कॅन्सर कमी झाला होता. आणि तुमचा जो मुद्दा आहे ना, की तिथल्या तुलनेच्या गटालाही मापून दिलं, तो माझ्याच बाजूचा आहे! म्हणजे तीही थोडी कमीच खात होती, आणि थोडं कमी खाणंच पुरेसं आहे असं त्यातून निघतं. त्यावर २०२४ चा उंदरांचा प्रयोग घ्या. एकसारखा वंश नाही, ९६० माद्या, प्रत्येकीची जनुकं वेगळी. म्हणजे माणसांच्या समाजासारखीच विविधता. २० टक्के कपातीने आयुष्य १८ टक्क्यांनी वाढलं, ४० टक्के कपातीने ३६ टक्क्यांनी. जितकी कपात तितकी वाढ. यात नुसता लठ्ठपणाचा तोटा टळला असता, तर एवढी सरळ चढण दिसली नसती.

लेखक: २०१७ चा निष्कर्ष मला मान्य आहे, आणि आरोग्याच्या बाजूने तुमचं पारडं जड आहे हेही. पण 'थोडं कमी खाणं पुरेसं' आणि 'जास्त न खाणं' यांत व्यवहारात फरक काय उरला? मापून जेवणाऱ्याला आपण उपाशी म्हणत नाही. राहिला २०२४ चा प्रयोग. तो चांगलाच आहे, आणि त्यातली चढण नाकारून चालणार नाही. उंदरात कपातीचा स्वतःचा काही परिणाम आहे असं तो सुचवतो. फक्त तो शेवटपर्यंत वाचायला हवा. आयुष्य किती होणार हे आहारापेक्षा जनुकांवर जास्त ठरत होतं. जी जास्त जगली ती सर्वांत रोडावलेली नव्हती. कमी खाऊनही ज्यांनी वजन टिकवलं ती जास्त जगली. ४० टक्के कपात असलेल्यांचे स्नायू झडले होते आणि रक्तातल्या प्रतिकारक पेशींत बदल झाले होते. जंतूंपासून जपलेल्या पिंजऱ्यात ते खपून गेलं. न्यूमोनिया, क्षय आणि डेंग्यूच्या गावात खपेलच असं नाही. आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला निर्णायक वाटते. उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. एका हंगामाची टंचाई म्हणजे त्याच्या पिल्लं देण्याच्या काळाचा मोठा तुकडा. तेवढा काळ तग धरून पुढच्या हंगामापर्यंत पोचणं हा त्याच्यासाठी जीवनमरणाचा सौदा आहे, म्हणून निसर्गाने त्याच्यात ही सोय घट्ट बसवली. माणसाच्या सत्तर-ऐंशी वर्षांत एक वाईट साल फार लहान. टॉमस कर्कवुड यांच्यासारख्या अभ्यासकांनी शरीर ऊर्जेची वाटणी कशी करतं याचं गणित मांडलं आहे, आणि त्या विचाराने गेलं तर दीर्घायुषी प्राण्याला ही सोय कमी फळते. उंदराच्या ३६ टक्क्यांवरून माणसाच्या आयुष्यात पंचवीस-तीस वर्षांची भर पडेल असं मानणं म्हणून चुकीचं आहे.

मिताहारवादी: पंचवीस वर्षं मी मागतच नाही. आता थेट माणसाकडे येतो. कॅलेरी नावाचा प्रयोग अमेरिकेत तीन ठिकाणी झाला: बॅटन रूज, बॉस्टन आणि सेंट लुइस. २१ ते ५० वयाचे २१८ निरोगी, लठ्ठ नसलेले स्त्रीपुरुष. त्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं आणि एका गटाला दोन वर्षं कॅलरी २५ टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. प्रत्यक्षात १२ टक्केच जमलं, आणि तेवढ्यानेही वजन दहा टक्क्यांनी उतरलं, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, इन्सुलिनला न जुमानण्याची शरीराची खोड, अंगातला दाह, सगळं सुधारलं. मनःस्थिती बिघडली नाही. प्रतिकारशक्तीच्या पेशी जिथे तयार होतात त्या थायमस ग्रंथीतली चरबी घटली. २०२३ मध्ये रक्तातल्या डीएनएवरच्या खुणा वाचून त्यांचा म्हातारं होण्याचा वेग मोजला, तर तो दोन-तीन टक्क्यांनी मंदावलेला. संशोधकांनी त्याची बरोबरी धूम्रपान सोडण्याच्या परिणामाशी केली. ही लठ्ठ माणसं नव्हती. मग तुमचा 'अतीचा तोटा टळला' हा मुद्दा इथे कसा लागू पडतो?

लेखक: इथेच तो सगळ्यात नीट लागू पडतो, फक्त मोजपट्टी आपली वापरायला हवी. त्या लोकांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२ ते २८ च्या दरम्यान होता, सरासरी २५ च्या आसपास. अमेरिकेत ही धडधाकट माणसं. आपल्याकडच्या डॉक्टरांनी भारतीयांसाठी ठरवलेल्या पट्टीत २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. ही पट्टी वेगळी का, हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याइतकं कुणी दाखवलं नसेल. त्यांचं आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघं शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. अंगाने बारीक आणि आतून चरबीचा, हा आपला बांधा. वजनकाट्यावर तो कळत नाही. तेव्हा कॅलेरी प्रयोगातल्या माणसांना तुम्ही 'लठ्ठ नसलेली' म्हणता, पण शरीराच्या हिशेबात त्यांच्यापाशी कमी करण्याजोगं बरंच होतं. आता वाढीव आयुष्याकडे या. त्याच रक्तावर वार्धक्य मोजणारी आणखी दोन प्रसिद्ध घड्याळं लावली, आणि त्यांचे काटे हलले नाहीत. तीनपैकी एक घड्याळ मंद चाललं, आणि बातमी त्या एकाचीच झाली. उतरलेल्या वजनात सगळी चरबी नव्हती, स्नायूही होते. कमरेच्या मणक्यांची आणि खुब्याच्या हाडांची घनता तुलनेच्या गटापेक्षा जास्त घटली. पंचेचाळिशीतल्या बाईचं हाड असं दोन वर्षं झिजलं आणि ती सत्तरीत घसरून पडली, तर खुबा मोडून अंथरुणाला खिळणं हीच तिच्या आयुष्याची मर्यादा ठरते. डीएनएवरच्या खुणा काही म्हणोत. रक्तातले आकडे सुधारले म्हणजे आयुष्य वाढलंच, असं धरून चालता येत नाही हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. लुक अहेड नावाच्या प्रयोगात मधुमेह झालेल्या ५,१४५ वजनदार लोकांचं खाणं कमी केलं, व्यायाम वाढवला. वजन उतरलं, साखर आणि रक्तदाब सुधारले. हार्ट अटॅक आणि पक्षाघात मात्र कमी झाले नाहीत, आणि २०१२ मध्ये प्रयोग मध्येच थांबवावा लागला.

मिताहारवादी: लुक अहेडमधली माणसं आधीच आजारी होती, घर पेटल्यावर विहीर खणून उपयोग नसतो. उलट स्वीडनमध्ये लठ्ठपणासाठी जठराची शस्त्रक्रिया केलेल्यांचा वीसेक वर्षं पाठपुरावा झाला. ज्यांचं खाणं शस्त्रक्रियेनेच कमी केलं, ते तशाच लठ्ठ पण शस्त्रक्रिया न केलेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षं जास्त जगले. आणि शस्त्रक्रियेविना उदाहरण हवं तर जपानचं ओकिनावा बेट घ्या. पोट दहात आठ हिस्से भरलं की थांबायचं ही तिथली जुनी रीत, आणि शंभरी गाठलेल्यांचं ते माहेरघर. हे काही प्रयोगशाळेतले आकडे नाहीत, हा जगून दाखवलेला पुरावा आहे.

लेखक: स्वीडनचा पुरावा माझ्या बाजूने मांडायचा मीच विचार करत होतो. अति लठ्ठ माणसाचं खाणं कमी केलं, तीन वर्षं मिळाली; तरीही ती माणसं सर्वसामान्य स्वीडिश माणसाइतकी जगली नाहीत. म्हणजे तोट्याचा काही भाग भरून निघाला, एवढंच. ओकिनावाबद्दल मात्र हात आखडूनच बोलायला हवं. शंभरीचे आकडे कागदावरून येतात आणि जपानमध्ये २०१० साली तपासणी झाली तेव्हा शंभरी ओलांडलेल्या २,३०,००० हून अधिक नोंदींतल्या माणसांचा पत्ताच लागेना; बहुतेक कधीच वारली होती. दुसऱ्या महायुद्धात ओकिनावाची दप्तरं जळाली हेही ध्यानात घ्या. आणि तिथल्या जुन्या पिढीचं खाणं नुसतं कमी होतं असं नाही. १९४९ च्या सुमाराला त्यांच्या कॅलरीचा दोन-तृतीयांश भाग एकट्या रताळ्यातून येत होता, सोबत भाज्या आणि सोयाबीन, आणि दिवसभर अंगमेहनत. तिथल्या तरुण पिढीने अमेरिकन छावण्यांभोवतीचं खाणं उचललं आणि २००० मध्ये ओकिनावाच्या पुरुषांचं आयुर्मान जपानच्या प्रांतांत सव्विसाव्या क्रमांकावर घसरलं. यातून मी हे घेईन की साखर-मैद्याचं खाणं आयुष्य तोडतं. कमी कॅलरीच आयुष्य वाढवतात हे यातून निघत नाही.

मिताहारवादी: बरं, मग आपलं भांडण उरलं कुठे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही निघाले. शहरातली बहुतेक माणसं गरजेपेक्षा जास्त खातात हे तुम्हीही मानता. तुम्ही म्हणता अति टाळा, मी म्हणतो कमी खा. सामान्य वाचकाला दोन्हींतून एकच कळणार. त्याला शंकांच्या चक्रात अडकवण्यापेक्षा सरळ सांगावं की दोन घास कमी खा. त्यात कुणाचं काय बिघडणार?

लेखक: बिघडतं, आणि ज्यांचं बिघडतं त्यांच्यापर्यंत तो सल्ला आधी पोचतो, म्हणून मी हे भांडण सोडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के बायका वजनदार निघाल्या आणि जवळजवळ १९ टक्के बायका हाडकुळ्या, बीएमआय १८.५ च्या खाली. महाराष्ट्रातही पाचातली एक बाई हाडकुळी आहे. १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक भारतीय बायकांना रक्त कमी आहे. 'दोन घास कमी' हे वाक्य ऐकून ताट बाजूला सारणारी बहुधा हीच बाई असते. घरात सर्वांत शेवटी जेवायची सवय तिला आधीच आहे. तिचं खाणं कमी झाल्याचा परिणाम पुढच्या पिढीवर होतो. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी त्या मानाने राखलेली. मधुमेहाकडे झुकणारा बांधा आईच्या पोटातच तयार होतो. नेदरलंड्समध्ये १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात जी मुलं गर्भात होती, त्यांच्या शरीरानेही पन्नाशीत साखर नीट हाताळली नाही. तेव्हा तुमच्या दहा कोटी मधुमेहींमागे नुसतं जास्त खाणं नाही. आईचं कमी खाणं आणि नंतर आपलं जास्त खाणं, या दोन्हींची गाठ त्यात पडली आहे. या समाजाला सरसकट 'कमी खा' म्हणणं मला शास्त्राला धरून वाटत नाही.

मिताहारवादी: गरोदर बाई आणि वाढतं मूल यांना कुणीच उपाशी ठेवायला सांगत नाही. मी बोलतोय ते पुण्यामुंबईतल्या चाळिशीच्या, बैठं काम करणाऱ्या माणसाबद्दल. त्याने काय करावं? दोन वेळाच जेवावं? आठवड्याला उपास करावा?

लेखक: त्याच्यापुरतं आपलं एकमत आहे, आणि त्याला मी तुमच्या कॅलेरी प्रयोगातला १२ टक्क्यांचा आकडाच देईन. दिवसाला २,४०० कॅलरी खाणाऱ्या माणसाला तो २९० च्या आसपास पडतो. आता त्याच्या घरात बघू. दिवसाचे चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर; हे आठ चमचे म्हणजे १६० कॅलरी. भाजी-आमटीच्या फोडणीत त्याच्या वाट्याला जास्तीचं एक मोठा चमचा तेल येतं, त्याच्या १२०. झाले २८०. एकही घास कमी न करता, वरण, उसळ, दही, अंडं, शेंगदाणे यांना हात न लावता प्रयोगाएवढी कपात झाली. आता शेतात राबणाऱ्या, १,६०० कॅलरीवर दिवस काढणाऱ्या बाईचे १२ टक्के काढा: १९० कॅलरी, म्हणजे जवळजवळ एक अख्खी भाकरी, आणि तिच्याबरोबर जाणारी प्रथिनं आणि लोह. टक्केवारी एकच, पण एका ताटातून साखर-तेल जातं आणि दुसऱ्यातून जेवण. उपासाचं म्हणाल तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि दाण्याच्या लाडवाने कॅलरी घटत नाहीत. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे आपल्या लोकांनी कधीच ओळखलं आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर पोचवलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत ज्यांना झेपते, त्यांचं मधलं खाणं आणि गोड चहा सुटतो, आणि तो फायदा खरा आहे. जेवणाच्या वेळेला उंदरांत मोठं महत्त्व दिसलंही आहे: २०२२ च्या एका प्रयोगात तेवढीच कपात दिवसभर विखरून दिली तर आयुष्य १० टक्के वाढलं, उंदीर जागा असतो त्या रात्रीच्या वेळीच दिली तर ३५ टक्के. पण त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूत लठ्ठ माणसांवर वर्षभर पाहिलं, तेव्हा कॅलरी सारख्याच असताना आठ तासांत जेवण उरकण्याने वजनात वेगळा फायदा दिसला नाही.

मिताहारवादी: आणि ज्याची पोटाची चरबी आधीच आटोक्यात आहे, खाणं चांगलं आहे, त्याने आणखी कमी करून पाहू नये असं तुमचं म्हणणं? शंभर वर्षांच्या पुराव्यानंतरही?

लेखक: हो, त्याने करू नये. कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असेल, साखर आणि रक्तदाब ठीक असतील, तर पुढच्या प्रत्येक कपातीतून काय मिळेल याचा माणसातला पुरावा फार विरळ आहे, आणि काय जाईल याचा पक्का आहे: हाड, स्नायू, अंगातली ऊब, कामाची उमेद. भूक ताणली तर माणसाचं काय होतं हे मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांवर पाहिलं. चोवीस आठवडे दिवसाला १,६०० च्या आत-बाहेर कॅलरी, वर चालण्याची मेहनत. वजन चौथ्या हिश्श्याने उतरलं. ऐन उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायची, नाडी मंदावली होती, पाककृतींची पुस्तकं ते तासन्‌तास वाचत बसायचे आणि ताटल्या चाटून पुसायचे. कॅलेरी प्रयोगात असं झालं नाही, कारण तिथे कपात अर्ध्यावर थांबली होती आणि आहारतज्ज्ञ सतत सोबत होते. घरी एकट्याने हे करणाऱ्याला तो आधार नसतो. साठी-पासष्टीनंतर तर गणितच उलटतं. त्या वयात वर्षागणिक स्नायू झडत असतात, भूक मंदावते, कवळी नीट बसत नाही म्हणून उसळ सुटते, आणि चहा-खारी, मऊ भात यांवर दिवस भागतो. आपल्याकडे कॅलरीतला साठ टक्क्यांहून जास्त भाग पिठूळ पदार्थांतून आणि साखरेतून येतो. म्हाताऱ्या माणसाच्या ताटात तो आणखी वाढतो. त्याला कमी खा सांगण्यात अर्थ नाही. त्याला दोन्ही वेळा वाटीभर डाळ किंवा दही, झेपेल तर अंडं किंवा मासा, आणि खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा रोजचा सराव हवा आहे.

तुमच्या बाजूने निर्णायक पुरावा येऊ शकतो का, तर येऊ शकतो. त्यासाठी माणसांचे दोन गट पन्नास वर्षं मापून जेवू घालावे लागतील, जे कुणी करणार नाही. पण कॅलेरी प्रयोगातल्या माणसांना इतक्या वर्षांनी पुन्हा बोलावून तपासता येतं. ती आता चाळिशी ते साठीच्या पुढे आहेत. त्या दोन वर्षांतल्या कपातीने त्यांना आजही मधुमेह आणि हृदयविकार कमी होत असतील, आणि त्यांची हाडं व हातापायांतलं बळ बरोबरीच्यांइतकंच असेल, तर ज्याची कंबर ठीक आहे त्यानेही थोडं कमी करावं हे मी मानेन. त्या तपासणीत मी रक्तातली घड्याळं नंतर बघेन. आधी खुब्याच्या हाडाचा स्कॅन आणि मुठीची पकड बघेन.